जळके तेल, रिकामे ड्रम आणि कायदा

चिरनेर, उरण, पनवेल या पट्ट्यात गॅरेज, भंगार आणि ड्रम-पिंपांचा धंदा करणाऱ्या बांधवांच्या हातून गाडीचे जळके तेल, रसायनाचे रिकामे ड्रम, जुन्या बॅटऱ्या असा माल रोज जातो. जो जादा भाव देईल त्याला माल द्यावा, हा बाजाराचा रिवाज. या मालाला मात्र तो लागू नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत जळके तेल आणि रसायन लागलेले रिकामे ड्रम, दोन्ही येतात. असा माल साठवणे, विकणे किंवा त्यावर प्रक्रिया करणे यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. माल साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि तो अधिकारपत्र असलेल्यालाच द्यावा लागतो. निरुपयोगी घातक कचऱ्यासाठी तळोजा औद्योगिक वसाहतीत सामायिक विल्हेवाट केंद्र आहे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत.

माल दुकानाबाहेर गेला म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नये. कचरा चुकीच्या रीतीने हाताळल्याने नुकसान झाले, तर तो निर्माण करणारा आणि वाहून नेणारा, दोघेही भरपाईला जबाबदार ठरू शकतात. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगाला तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. छोट्या कारागिराचे भांडवल त्यात सहज बुडेल.

आपल्या शेजारच्या न्हावाशेवा बंदरातील उदाहरण बोलके आहे. वंगण तेल म्हणून आणलेल्या १३३ कंटेनरमध्ये घातक टाकाऊ तेल निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. माल गेला आणि वर खर्चही अंगावर आला.

म्हणून गिऱ्हाइकाला भाव विचारण्याआधी त्याचे अधिकारपत्र पाहावे, त्याची झेरॉक्स ठेवावी, पावती घ्यावी. ड्रम धुतलेले पाणी आणि बॅटरीचे ॲसिड गटारात किंवा ओढ्यात सोडू नये. शंका असल्यास मंडळाच्या कार्यालयात चौकशी करावी.

वाटेतला काटा उचलणे आपण सदका मानतो. मग शेजाऱ्याच्या विहिरीत विष उतरू न देणे, हाही हलाल रोजीचाच भाग नव्हे काय?