परसातील कोंबड्यांचे आरोग्य

डॉक्टरांच्या स्मरणिकेत कोंबड्यांवरील लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु खानापूर भागातून माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध मधुमेही भगिनीने मध्यंतरी दोन महिने औषधे थांबविली होती. कारण विचारता, "कोंबड्या मेल्या की हो डाक्टर," एवढेच उत्तर मिळाले. अंड्यांच्या पैशांवर तिची औषधे चालत. चौदांपैकी आठवड्याभरात दोनच उरल्या होत्या.

हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून घेतलेला श्वास, लुळे पडलेले पंख आणि पिळवटलेली मान हे तिने केलेले वर्णन राणीखेत रोगाचे होते. खेड्यात त्यास 'मानमोडी' म्हणतात. (१९१८ च्या इन्फ्लुएंझालाही आपले पूर्वज हेच नाव देत, दोहोंचे विषाणू मात्र भिन्न.) इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये व लवकरच कुमाऊँतील राणीखेत येथे हा रोग नोंदला गेला. लस न दिलेल्या कळपातील बहुतेक पक्षी तो नेतो. त्यावर औषध नाही. तरीही पाण्यात प्रतिजैविके मिसळली जातात, आणि त्याची किंमत पुढे आपल्याच रुग्णांना मोजावी लागते. पशुखाद्यातील व पशूंच्या उपचारातील कोलिस्टिनवर २०१९ मध्ये भारतात बंदी आली, ती याच चिंतेपोटी.

उपाय एकच, लसीकरण. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा तोच, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचून. ही दुसरी लस त्याआधी देऊ नये. कोवळ्या पिलांना ती सोसत नाही. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. थेंब स्वतःच्या डोळ्यात उडाल्यास सौम्य नेत्रदाह होतो, हे नेत्रतज्ज्ञांनी ध्यानी ठेवावे.

खरी अडचण निराळीच आहे. कुपी बहुधा शंभर वा अधिक मात्रांची असते. एकदा विरघळविली की बर्फात ठेवूनही तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा-बारा कोंबड्यांच्या घराने ती एकट्याने आणून काय करावे? म्हणून गल्लीतील सर्वांनी एकच दिवस ठरवून लस आणणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. शीतसाखळीचे महत्त्व पोलिओच्या मोहिमेत राबलेल्या आपणास सांगावयास नको.

रोग घरात शिरतो तो प्रायः आठवडी बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीबरोबर. तिला दोन आठवडे वेगळी ठेवावी. याउलट, घरात मर लागताच उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकणे म्हणजे साथ गावोगाव पोहोचविणे. मेलेला पक्षी नाल्यात न टाकता चुन्यासह खोल पुरावा, आणि एकाएकी अनेक दगावल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यापासून अशा मृत्यूंना केवळ मानमोडी समजणे धोक्याचे आहे.

बाकी काळजी घरगुतीच: हवेशीर व कोरडे खुराडे, रोज ताजे पाणी, उवांसाठी राखेची लोळण, पावसाळ्यापूर्वी जंताचे औषध.

त्या भगिनीने आता सहा पिले आणली आहेत. लसीसाठी शेजारची चार घरे तयार झाली. पाचवे अद्याप "बघू" म्हणते आहे.