पिशवी काढली, तरी तपासणी

लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातल्या उपकेंद्रात बायकांच्या तपासणीचा दिवस असला की काम दुपारच्या आत उरकावं लागतं. सोयाबीनची काढणी चालू असेल तर त्याहून आधी, कारण हजेरी बुडवून कुणी बसत नाही. म्हणून आशाताईंनी घरोघर फिरून ‘सीबॅक’चे, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याचे, फॉर्म आधीच भरून ठेवलेले असतात. वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरात शुगर-बीपी कुणाला, याचे गुण मांडायचे आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या बाईला आधी बोलवायचं. पुढे खास बायकांचे प्रश्न आहेत. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, दोन पाळ्यांच्या मधे, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जातं का, घाण वासाचं पाणी जातं का. पाळीत किती दुखतं, हे मात्र फॉर्म विचारत नाही.

आतल्या खोलीत सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडम. समोरच्या बाईची हरकत नसेल तेव्हाच मी तिथं थांबले. तपासणी हाताने सुरू होत नाही, नजरेने होते. बाईला बसवायचं, हात वर करायला लावायचे, मग कमरेवर दाबून धरायला सांगायचे. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, कातडी कुठं आत ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत गेलंय का, एवढं पाहून होतं तोवर बाईचा संकोचही थोडा सैल होतो. मग आडवं झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान वर्तुळं. एकाच जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोचणारा. गळ्याच्या हाडापासून खाली, पुन्हा वर, पट्ट्यापट्ट्यांनी. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. घाई केली तर ही तपासणी नुसता सोपस्कार ठरते. पाळी चालू असलेल्या बाईला मॅडम पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याभराने यायला सांगतात, कारण तेव्हा स्तन कमी सुजलेले, कमी दुखरे असतात.

या साध्या कामाचं मोल मुंबईत मोजलं गेलंय. टाटा मेमोरियलने 1998 साली तिथल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर चाचणी सुरू केली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका त्यातल्या सुमारे निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासत. निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही.

चाळिशीतली एक बाई मात्र टेबलावर झोपायलाच तयार नव्हती.

“माझी पिशवी काढलीय की मॅडम. आता कसला कॅन्सर?”

“का काढली, अक्का?”

“पाळीत उठता येत नव्हतं. कंबर, पोट, लई दुखायचं. डॉक्टर म्हणले, काढा, नाय तर कॅन्सर होतंय.”

मराठवाड्यात हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 82,309 जणींची पाहणी केली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींना खरोखर ऑपरेशनची गरज होती, हा वेगळा लेख होईल.

अक्कांचं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं होतं का, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर, अंडाशयावर, आतड्याच्या आसपास रुजते आणि इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते. स्तनाचे बरेच कॅन्सरही त्याच इस्ट्रोजेनवर वाढतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात ती लेट्रोझोलची गोळी एंडोमेट्रिओसिसच्या हट्टी दुखण्यातही कधीकधी वापरतात. दोन आजारांचं नातं असावं, ही शंका इथूनच येते. पण आकडे तिला फारशी साथ देत नाहीत. मरीना क्वास्कॉफ आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून 2021 मध्ये मांडलेल्या हिशेबात एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका जेमतेम 4 टक्क्यांनी जास्त दिसला. अंडाशयाच्या कॅन्सरचा मात्र 93 टक्क्यांनी. तो कॅन्सर मुळात कमी आढळतो, त्यामुळे हा आकडा वाटतो तेवढा भीतिदायक नाही. कॅन्सरच्या धाकाने घाईघाईत पिशवी काढायला यातलं काहीच पुरेसं कारण नाही.

मॅडमनी अक्कांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “पिशवीबरोबर अंडाशयं काढली का ठेवली?” अक्कांना माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड घर बांधताना कुठंतरी गेलं. हा प्रश्न फार मोलाचा आहे. नुसतं गर्भाशय गेलं तर अंडाशयं इस्ट्रोजेन करत राहतात, आणि स्तनाचा धोका चारचौघींसारखाच उरतो. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं गेली तर तो घटतो, पण हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचं दुखणं मागे लागू शकतं. म्हणजे पुढची काळजी कशाची घ्यायची, हे त्या हरवलेल्या कार्डावर होतं.

अक्का शेवटी झोपल्या. गाठ नव्हती. मॅडमनी रजिस्टरमध्ये नोंद केली, अंडाशयं आहेत का हे पाहायला सोनोग्राफीसाठी लातूरला जायची चिठ्ठी दिली आणि समासात पेनाने लिहिलं: पाळीत तीव्र वेदना, 15 वर्षे. छापील फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तो यायला हवा; एका प्रश्नाने आशाताईंचं काम वाढेल, पण पाळीत अंथरूण धरणाऱ्या पोरी पिशवी काढण्याआधीच डॉक्टरपुढे येतील.

तुमच्या घरात कुणाची पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयं ठेवली की काढली, हे त्यावर पाहा. कार्ड सापडो न सापडो, तिशी उलटलेल्या बाईला स्तन तपासून घ्यायला उपकेंद्रात पाठवा. तिथं त्याचे पैसे लागत नाहीत.