पडद्यावरची चेटकीण
(भयपटातली माणसं : लेखांक 6)

चित्रपट वितरणाच्या धंद्यात अमरावती-अकोल्याचा मुलूख अजूनही ‘सीपी-बेरार’ या इंग्रजी अमदानीतल्या नावानंच ओळखला जातो. रामसे बंधूंच्या भुताखेतांना अशाच छोट्या शहरांतल्या टॉकीजांनी उचलून धरलं. त्यांचा 1988 चा ‘वीराना’ आठवून पाहा. पुरुषाला भुलवणारी देखणी तरुणी तो जवळ येताच सुरकुतलेली, दात विचकणारी चेटकीण होते. तरुण बाईच्या देहाची भीती आणि म्हाताऱ्या बाईच्या नुसत्या असण्याची भीती, दोन्ही एकाच पात्रात. तिच्यामागे गेलेला पुरुष मात्र बिचारा, फसलेला!

ही समजूत सिनेमानं जन्माला घातलेली नाही. ती फार जुनी आहे. पण सिनेमानं तिला मोकळे केस, पांढरं लुगडं आणि पोपडे आलेला चेहरा दिला. आता मेळघाटात या. डिसेंबर 2024 च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आजीवर करणी केल्याचा आळ घेतला गेला. तिला मारहाण झाली, चपलांची माळ घालून तिची धिंड काढली गेली, अशी तक्रार आहे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 पासून आहे. चेटकिणीचा भयपट आपण घाबरून पाहतो. मेळघाटात खरी घाबरलेली ती आजी होती. हे मला विसरता येत नाही.

मराठीत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं (2017) ही दिशा बदलली. उसाच्या फडात अडकलेल्या गरोदर नेहाला भुतं दिसतात, पण खरा धोका मुलगी नको असलेल्या जिवंत माणसांचा निघतो. चित्रपट मला मोलाचा वाटतो. तरीही एक खटकतं. त्या क्रौर्याचा लक्षात राहणारा चेहरा पुन्हा म्हाताऱ्या बाईचाच आहे, उषा नाईक यांनी जबरदस्त उभ्या केलेल्या तुळसाबाईचा. वंशाला दिवा हवा म्हणणारे पुरुष मागच्या सावलीत राहतात.

तृतीयपंथीयांच्या वाट्याला तर सावलीही येत नाही. ‘सडक’मधली (1991) सदाशिव अमरापूरकरांची महाराणी कोठा चालवते, मुलींचा सौदा करते. अभिनय थरारक, पुरस्कारही मिळाला. पण त्या काळी पडद्यावर दुसरा तृतीयपंथी चेहरा होता कुठे? ‘मर्डर 2’मध्ये (2011) क्रूर खुनी पुन्हा साडी नेसलेला दिसतो. अकोल्याच्या बाजारात दुकानांपुढे टाळी वाजवत फिरणाऱ्या माणसाकडे पाहताना पोरांच्या डोळ्यांत जी धास्ती दिसते, तिच्यात अशा चित्रांचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

आणि आदिवासी? अंगाला राख, गळ्यात कवट्या, नरबळीचा ढोल. मेळघाटातल्या कोरकूंच्या गावात एक दिवस राहिलेल्या माणसाला हे दृश्य पाहवणार नाही. अमेरिकी भयपटांनी काळ्या माणसाचं असंच चित्र रंगवलं होतं. जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’नं (2017) ते उलटवलं : काळा तरुण गोऱ्या प्रेयसीच्या सभ्य घरी पाहुणा जातो आणि भीती त्या घरातच बसलेली असते. ती कशी रचली आहे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.