वाइन, कोडपेज आणि पेजमेकरच्या जुन्या फाइली

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ न पेलणारी कितीतरी यंत्रं मात्र अजून धडधाकट आहेत. हिंगणघाटच्या एका डीटीपीच्या दुकानात अशाच यंत्रावर लिनक्स बसवलं. पेच एकच होता. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, सगळं जुनं काम पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये, आणि पेजमेकर विंडोजचं.

इथे वाइन कामी येतं. १९९३पासून घडत आलेला हा मुक्त प्रकल्प प्रोग्रामने विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सकडून पुरी करून घेतो. एखादी मागणी पुरी झाली नाही, की प्रोग्राम मुकाट बंद पडतो. तेव्हा आयकॉनवर पुन्हापुन्हा क्लिक करू नये, टर्मिनलमधून सुरू करावा. 'फिक्समी'च्या ओळी भराभर येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. वाचायची ती 'एरर'ची पहिली ओळ. या दुकानात एक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची जोडफाइल) सापडत नव्हती. वाइनचा वेगळा ३२-बिट प्रीफिक्स (स्वतंत्र फोल्डर) करून वाइनट्रिक्स या साधनाने ती घातली आणि पेजमेकर उघडलं.

"भाऊ, फाइल त उघडून राहिली, पन अक्षरं काहून अशी?" दुकानदाराने विचारलं.

काही अक्षरं नीट होती, काही भलतीच. खूण तिथेच होती. फॉन्ट नसता तर सगळाच मजकूर गिचमिड इंग्रजी अक्षरांत दिसला असता. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट २५६ जागांत बसवलेले असतात. पहिल्या १२८ जागा सगळीकडे सारख्या, वरच्या जागांचा अर्थ कोडपेज ठरवतं, आणि या फॉन्टना १२५२ हे पश्चिम युरोपीय कोडपेज हवं असतं. वाइन ते लिनक्सच्या भाषेवरून निवडतं. दुकानदाराने हौसेने लिनक्स मराठीत ठेवलं होतं! फक्त पेजमेकरपुरती भाषा अमेरिकन इंग्रजी केली आणि सगळी जोडाक्षरं जागेवर आली. एका वेळी एकच गोष्ट बदलत गेल्यामुळे दोष कुठे होता ते नेमकं कळलं.

टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप (डोंगल) मात्र उघडलं नाही. त्याचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि तो गाभा वाइनमध्ये नाहीच. तिथे वेळ घालवू नये.

डीटीपीवाल्यांना विनंती: जुनं यंत्र फॉरमॅट करण्याआधी त्यातलं फॉन्टचं फोल्डर काढून ठेवा, आणि उघडतील त्या फाइलींतला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा.