पंचवीस किलोचा झगा!

मुलांनो, तुमच्या दप्तराचं वजन किती भरतं? चार किलो? पाच किलो? तेवढ्यानंच खांदे दुखतात आणि घरी आल्या आल्या दप्तर कोपऱ्यात भिरकावलं जातं. आता अशी पाच दप्तरं एकदम अंगावर घ्यायची आणि भल्यामोठ्या पायऱ्या चढायच्या. तेसुद्धा हसऱ्या चेहऱ्यानं, समोर कॅमेऱ्यांचा लखलखाट चालू असताना! हा पराक्रम २०१५ साली रिहाना या गायिकेनं केला. तिच्या अंगावरच्या पिवळ्याधमक झग्याचं वजन होतं सुमारे २५ किलो. मागे पसरलेला घोळ सांभाळायला तीन माणसं लागली, बरं का!

तुम्ही म्हणाल, बाई ‘झगा’ का म्हणतात? ‘गाऊन’ म्हणा की! पण आपल्याकडे गाऊन म्हटलं की आईचा घरात घालायचा फुलाफुलांचा गाऊन डोळ्यांपुढे येतो. म्हणून आपण आपला झगाच म्हणू.

ही पायऱ्यांची जागा कोणती? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात ‘मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट’ नावाचं प्रचंड मोठं संग्रहालय आहे. त्याची स्थापना १८७० सालची. लाडानं त्याला ‘मेट’ म्हणतात. या मेटमध्ये चित्रं आणि मूर्ती तर आहेतच, पण कपड्यांचाही एक स्वतंत्र विभाग आहे. त्यात ३३ हजारांहून अधिक कपडे, टोप्या, बूट आणि दागिने जपून ठेवलेले आहेत. या विभागाचा खर्च भागावा म्हणून १९४८ साली एक मेजवानी सुरू झाली. तेव्हा तिकीट होतं ५० डॉलर. तीच आजची ‘मेट गाला’. साधारणपणे मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती भरते. २०२५ साली एका तिकिटाची किंमत होती ७५ हजार डॉलर, म्हणजे साठ लाखांहून जास्त रुपये! आणि नुसते पैसे असून भागत नाही, आमंत्रणही लागतं. त्या एका रात्रीत संग्रहालयासाठी ३ कोटी १० लाख डॉलर जमले.

दर वर्षी संग्रहालयात कपड्यांचं एक नवं प्रदर्शन लागतं आणि पाहुणे त्या विषयाला साजेसा पोशाख करून येतात. आपल्या शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसारखंच म्हणा ना! फक्त तिथं बक्षीस नसतं. २०१५ सालचा विषय होता चीन. म्हणून रिहानानं ग्वो पेई या चिनी बाईंनी तयार केलेला झगा निवडला. पूर्वी चीनमध्ये पिवळा हा सम्राटाचा रंग मानला जाई. या झग्यावरचं भरतकाम पुरं व्हायला सुमारे दोन वर्षं लागली होती. आणि लोकांनी काय केलं? कुणी त्याला ऑम्लेट म्हणालं, कुणी पिझ्झा! दोन वर्षांच्या कामाची थट्टा करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, नाही का?

विज्ञानाचा तास

काही झगे तर विज्ञानाच्या पुस्तकातून उठून आल्यासारखे असतात. २०१६ सालचा विषय होता ‘हात आणि यंत्र’. त्या वर्षी क्लेअर डेन्स ही अभिनेत्री फिकट निळ्या झग्यात आली. उजेडात पाहिला तर साधा घेरदार झगा. पण अंधार केला की सगळा झगा चांदण्यासारखा उजळे! झॅक पोझेन यांनी तो प्रकाशतंतू विणलेल्या कापडाचा शिवला होता. आतल्या बाजूनं ३० छोट्या बॅटऱ्या लावलेल्या होत्या. आपल्या गावापर्यंत इंटरनेट ज्या केबलमधून येतं, त्यातही असेच केसासारखे बारीक तंतू असतात. केबलमध्ये प्रकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत जपून नेतात. झग्यात मात्र तो वाटेतच पाझरू दिला होता.

त्याच रात्री हॅरी पॉटरच्या सिनेमातली हर्मायनी, म्हणजे एमा वॉटसन, काळ्यापांढऱ्या पोशाखात आली. त्यातलं बरंचसं कापड प्लॅस्टिकच्या टाकाऊ बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचं होतं. बाटल्या वितळवायच्या आणि त्या रसाचे बारीक तंतू ओढायचे, अशी ती रीत. शिवाय पोशाखाचे भाग सुटे करून पुढे वेगवेगळे वापरता येतील, अशीच त्याची शिवण होती.

२०२२ साली ब्लेक लाइव्हली पायऱ्यांवर आली ती तांबूस झग्यात. पायऱ्यांवर मदतनिसांनी कमरेची मोठी गाठ सोडली, आणि आतून निळसर हिरवा घोळ खाली पसरला. ही काय जादू? जादू नाही, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आठवा. तो १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्या रंगाचा होता. पुढे हवा आणि पाणी यांच्यामुळे तांब्यावर हिरवा थर चढत गेला. देवघरातलं तांब्याचं भांडं बरेच दिवस चिंचेनं घासलं नाही, की ते काळवंडतं आणि कधी कधी त्यावर हिरवे डाग दिसतात. तोच हा प्रकार. पुतळ्याला जे व्हायला कितीतरी वर्षं लागली, ते झग्यानं क्षणात करून दाखवलं.

२०२४ साली टायला या दक्षिण आफ्रिकेच्या गायिकेचा झगा तर चक्क वाळूचा! तो अंगाला इतका घट्ट बसला होता, की तिला पायऱ्याच चढता येईनात. शेवटी माणसांनी तिला उचलून वर नेलं. नंतर शिंप्यानं कात्री घेऊन झगा खालून कापला, तेव्हा कुठे ती मोकळेपणानं चालू लागली.

एक अट आणि एक वाद

आता दोन गोष्टी जरा निवांतपणे ऐका. आईबाबांनाही वाचून दाखवा.

पहिली गोष्ट २०२१ सालची. गायिका बिली आयलिश तेव्हा १९ वर्षांची होती. ऑस्कर दे ला रेंटा या प्रसिद्ध कंपनीचा झगा ती घालणार होती. पण तिनं एक अट घातली. तुम्ही प्राण्यांच्या फरचे कपडे विकणं थांबवणार असाल, तरच मी तुमचा झगा घालीन! कंपनीनं ते मान्य केलं, आणि मग ती त्या झग्यात पायऱ्यांवर आली. झगा सुंदर होताच. पण नुसतं सुंदर दिसून ती गप्प बसली नाही, हे मला जास्त आवडलं.

दुसरी गोष्ट २०२२ सालची. १९६२ साली मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीनं एक झगा घालून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं होतं. तो झगा २०१६ साली लिलावात ४८ लाख डॉलरला विकला गेला आणि एका संग्रहालयात जपून ठेवला गेला. २०२२ साली तोच झगा किम कार्दाशियन हिनं मेट गालासाठी मागून घेतला. पायऱ्या चढण्यापुरता अंगावर घातला आणि वर पोचताच तसाच दिसणारा दुसरा झगा बदलला.

तरीही मोठा वाद झाला. झगा खराब झाला, असं काही जण म्हणाले. नाही झाला, असं मालकांनी सांगितलं. जगभरातल्या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मात्र स्पष्ट बजावलं, की ऐतिहासिक कपडे कुणीच अंगावर घालू नयेत. का? घाम, ताण, उजेड आणि हवा, या सगळ्यांनी जुना धागा कमजोर होतो. दगडी मूर्ती हजार वर्षं टिकेल, पण रेशमाचं तसं नाही. २०२४ च्या मेटच्या प्रदर्शनात काही झगे इतके नाजूक होते, की ते पुतळ्यावरही चढवता आले नाहीत. त्यांना काचेच्या पेटीत आडवं निजवावं लागलं. प्रदर्शनाचं नावच होतं ‘निद्रिस्त सुंदरी’!

म्हणूनच बरं का, पुढच्या स्नेहसंमेलनाला पणजीचा जुना शालू नेसायचा हट्ट धरण्याआधी जरा थांबा.

पडद्यामागचे हात

मेट गालाचे फोटो पाहताना तुम्ही काय विचारता? “हा कुणी घातलाय?” हो ना? त्याच्या जोडीनं आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: “हा शिवला कुणी?”

२०२४ साली आलिया भट्ट तिथं सब्यसाची मुखर्जी यांची फिकट हिरवी साडी नेसून गेली. हातानं भरलेली फुलं आणि मागे तेवीस फूट लांब पदर! ही साडी १६३ जणांनी मिळून केली आणि तिला १९६५ तास लागले, असं तिनं आवर्जून सांगितलं. आता वही काढा आणि भागाकार करा. एकच माणूस रोज आठ तास बसला असता, तर किती दिवस लागले असते? जवळजवळ २४६ दिवस, तेही एकही रविवार न घेता! फोटोत मात्र त्या १६३ जणांपैकी एकही जण दिसत नाही.

असे हात आपल्या मुंबईतही आहेत. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं आणि आरीनं, म्हणजे आकडीसारख्या सुईनं, मणी, टिकल्या आणि जर भरायची. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या हे काम मुंबईत करून घेतात. पण ते कुणी केलं, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. ३० मार्च २०२३ रोजी मात्र दिओर या फ्रेंच कंपनीनं गेटवे ऑफ इंडियासमोरच आपले कपडे सादर केले आणि भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या ‘चाणक्य’ संस्थेचं नाव जगाला सांगितलं.

आणि तो गालिचा? गंमत ऐका. २०२३ च्या मेट गालाचा गालिचा केरळमध्ये, आलप्पुळा जिल्ह्यातल्या चेर्थला इथं विणला गेला. तो ‘सिसल’ नावाच्या तंतूचा होता. सिसल म्हणजे आपल्या बांधावरची घायपात! काही भागांत तिला केकताड म्हणतात. तिच्या पातीचा वाक काढून आपल्याकडे दोर वळतात. ज्या वनस्पतीच्या काट्यांनी तुमचे हात ओरबाडले असतील, तिच्याच जातीच्या तंतूंवरून ते सगळे झगमगते झगे चालत गेले.

“एका रात्रीसाठी एवढा खर्च कशाला?” असं वर्गातली मुलं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. जमलेल्या पैशांतून जुने कपडे जपले जातात, अभ्यासले जातात आणि लोकांना पाहायला मिळतात, हे खरं. पण एका झग्यावर इतकं कष्टाचं काम असावं आणि तो एकदाच घातला जावा, हे मलाही खटकतं. तुम्हाला काय वाटतं? घरी जेवताना विषय काढून बघा.

तुमचं संग्रहालय

येत्या सुटीत एक काम करा. घरातला सगळ्यात जुना कपडा कोणता, ते शोधा. आजीची नऊवारी असेल, आजोबांचा फेटा असेल, नाहीतर तुमचंच बाळपणीचं कुंचडं असेल. हात स्वच्छ धुऊन, मोठ्या माणसांसमोर तो उघडा. सावलीत थोडा वेळ हवा लागू द्या. घडी पुन्हा त्याच रेषेवर घालू नका, नाहीतर कापड तिथंच विरतं. मग सुती मलमलीत गुंडाळून ठेवा. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका.

आता एक कार्ड घ्या आणि त्यावर लिहा: कपड्याचं नाव, कोणत्या साली घेतला, कुठून आणला, कुणी विणला किंवा शिवला, आणि कोणत्या दिवशी कुणी घातला. सगळी उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण आजीला विचारा, मावशीला फोन करा, काकांना विचारा. विणणाऱ्याचं नाव कळलंच, तर ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहा.