सायकलींचा जथा आणि मागे पडणारा

सुरत शहराच्या दक्षिणेस उधना हे उपनगर आहे. जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग येथूनच फुटतो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर ही गावे त्याच मार्गावर लागतात. आणि याच मार्गाने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी उधन्यास आली व यंत्रमागांच्या खडखडाटात स्थायिक झाली. या वस्तीला सायकल नवी नाही. पाळीच्या वेळी कारखाना गाठून देणारे ते गरिबाचे वाहन होय. परंतु इतर शहरांप्रमाणे सुरतेतही आता सायकलीला दुसरा एक मान प्राप्त झाला आहे. सुटीच्या दिवशी पहाटे दहा-पंधरा जणांनी एकत्र जमावे, मगदल्ल्याच्या रस्त्याने डुमसच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परत यावे, असा हा छंद आहे.

या छंदात नव्याने शिरणाऱ्या मनुष्याचा अनुभव बहुधा ठराविक असतो. पहिले पाच-सात किलोमीटर तो इतरांबरोबर असतो. पुढे त्याच्यात आणि पुढच्या सायकलीत दोन हातांचे अंतर पडते, दोहोंचे दहा हात होतात, आणि पाहता पाहता सारा जथा दृष्टीआड जातो. चहाच्या टपरीवर इतरांचे पेले रिकामे झाल्यावर तो घामाघूम होऊन पोहोचतो. आणि तो पोहोचताच मंडळी निघण्यासाठी उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. असे दोन-तीन रविवार गेले की चौथ्या रविवारी तो येत नाही. आपल्या पायांत बळ नाही, हा खेळ आपला नव्हे, असा निर्णय त्याने मनाशी केलेला असतो. वस्तुतः हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. मागे पडण्याचे खरे कारण पायांत जितके असते, त्याहून अधिक ते हवेत असते.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला दोन प्रमुख विरोधांशी झगडावे लागते: एक टायर व रस्ता यांमधील घर्षण आणि दुसरा हवेचा अडथळा. सावकाश जाताना दुसरा फारसा जाणवत नाही. पण ताशी ३० किलोमीटर गतीने जाणाऱ्या सामान्य स्वाराच्या श्रमांपैकी सुमारे तीन चतुर्थांश श्रम केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतात. शिवाय हवेचा विरोध गतीच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते. म्हणून ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जाताना गती एक पंचमांशाने वाढते, पण हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढते. ‘थोडेसेच जोरात’ ही भाषा सायकलीच्या बाबतीत फसवी आहे, ती यामुळे.

आता जथ्याचे रहस्य ध्यानी येईल. पुढचा स्वार हवा कापतो. त्याच्या पाठीशी लागून चालणाऱ्याला त्याचा आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने वाचतात. मोठ्या शर्यतींतील दाट घोळक्यात तर ही बचत विलक्षण असते. नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या आत, मागील बाजूस असलेल्या स्वाराला होणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या विरोधाच्या अवघा ५ ते १० टक्के आढळला. पण हा आडोसा अंतरागणिक ओसरतो. नवखा मनुष्य भीतीने किंवा संकोचाने सहा-सात हात मागे राहतो, आणि बहुतेक वारा स्वतःच्या छातीवर घेतो. जी गती इतरांना आडोशामुळे साध्य होते, तीच तो जवळजवळ एकट्याच्या बळावर राखू पाहतो. तो दुर्बळ नसतो. तो इतरांहून अधिक काम करीत असतो.

दुसरे कारण जथ्याच्या लांबीत दडलेले आहे. उधन्याच्या यार्डातून मालगाडी निघताना पाहावी. इंजिन हळूच हलते, पण डब्यांच्या जोडांतील ढिलेपणा एकामागून एक भरत जातो आणि शेवटच्या डब्याला मोठा हिसका बसतो. जथ्याचेही तसेच आहे. वळणावर किंवा सिग्नलपाशी पुढचे स्वार किंचित मंदावतात, मागच्यांना ब्रेक लावावा लागतो. पुढचे पुन्हा गती घेतात तेव्हा शेवटचा अद्याप वळणातच असतो. अंतर भरून काढण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी धाव घ्यावी लागते. अशा पंधरा-वीस धावांनी जो थकवा येतो, तो एकसारख्या गतीच्या दुप्पट प्रवासानेही येत नाही. सुरतेत चढ म्हणून जे आहेत ते उड्डाणपूल. तेथेही हाच प्रकार घडतो. म्हणून नवख्याने शेवटी राहू नये. त्याने दुसऱ्या-तिसऱ्या जागी, एखाद्या शांत, सरळ चालविणाऱ्याच्या पाठीशी, एक सायकलभर अंतर ठेवून चालावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये. त्याच्या खांद्यावरून पुढे रस्त्याकडे ठेवावी. चाकाला चाक मात्र कधीही समांतर अडकू देऊ नये.

काही गोष्टी स्वाराच्या हाती आहेत. टायरमध्ये हवा पुरेशी असावी. सीटची उंची अशी असावी की टाच पायडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय सरळ व्हावा. जड गिअर रेटीत बसण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे मारणे स्नायूंना सोसते. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. वाक्य तुटू लागले की गती आपल्या आवाक्याबाहेर गेली असे समजावे. वाऱ्याचीही आठवण असावी. हिवाळ्यातील पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. डुमसकडे जाताना तो पाठीशी असतो आणि मनुष्य स्वतःच्या वेगावर खूष होतो. तोच वारा परतताना तोंडावर येतो. जाताना सारे बळ उधळणाऱ्याची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

परंतु सर्व भार मागे पडणाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. जथ्याची गती ही निसर्गाने ठरविलेली वस्तू नव्हे. ती माणसांनी ठरवायची असते. युरोपात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये आँरी देग्रांज यांनी ‘ओदाक्स’ नावाची सहलीची पद्धत सुरू केली. हेच गृहस्थ १९०३ मधील पहिल्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे प्रवर्तक. शर्यत चालविणाऱ्याच मनुष्याने शर्यत नसलेली ही पद्धत काढावी, ही मौजेची गोष्ट. तीत नायक सर्वांपुढे ठरलेल्या गतीने चालतो आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही. आज ही गती सामान्यतः ताशी २२.५ किलोमीटर असते. १९२१ मध्ये दुसरी पद्धत निघाली: ज्याने त्याने आपल्या गतीने जावे, मात्र ठरलेल्या मुदतीत पोहोचावे. भारतात ‘ब्रेव्हे’ म्हणून ज्या दीर्घ फेऱ्या होतात त्या याच दुसऱ्या पद्धतीच्या होत.

त्यांतील मुदत पाहण्याजोगी आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे विश्रांती धरून ताशी १५ किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या आत पुरी केली. झोप व विश्रांती धरून त्यांची सरासरी काढली तर ती ताशी सुमारे १७ किलोमीटर येते. रविवारच्या फेरीत ताशी २८ च्या गतीने जाणाऱ्यांमागे जो राहिला, त्याच्यात शक्ती नाही असे म्हणण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

म्हणून जथ्याच्या प्रमुखाने निघण्यापूर्वी गती जाहीर करावी आणि ती पुढे असलेल्यांच्या उत्साहावर सोडू नये. सर्वांच्या मागे एक अनुभवी स्वार ठेवावा. वळणानंतर व पूल उतरल्यावर शेवटचा मनुष्य येऊन मिळेपर्यंत गती रोखावी. आणि तो टपरीवर पोहोचल्यापासून पुढे दहा मिनिटे विश्रांतीची धरावीत. जोरात जाण्याची हौस असलेल्यांनी महिन्यातून एक दिवस वेगळा निघावा. ट्रकांच्या वाहत्या रस्त्यावर एखाद्यास एकटे टाकून जाणे हे केवळ असभ्य नव्हे, धोक्याचेही आहे.

मागे पडणारा मनुष्य कोण असतो, याचाही विचार व्हावा. कधी तो यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला असतो, कधी डॉक्टरांच्या सल्ल्याने पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच व्यायामास लागलेला. कधी घरचे आवरून, पुष्कळ संकोच गिळून आलेली एखादी गृहिणी असते. सायकलीची गरज यांनाच सर्वांत अधिक आहे. ज्या जथ्यात ही माणसे चौथ्या रविवारीही दिसतात, तो जथा चांगला चालला आहे असे खुशाल समजावे.