करड्या बाईची उलटतपासणी

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एव्हन्सव्हिल शहरात विलर्ड लायब्ररी आहे. लाल विटांची, गॉथिक धाटणीची ही इमारत १८८५ साली वाचकांसाठी खुली झाली. १९३७ साली तळघरातल्या भट्टीकडे गेलेल्या रखवालदाराला तिथे करड्या वस्त्रांतली बाई दिसली, असं सांगतात. तेव्हापासून अचानक आलेला अत्तराचा दरवळ, मध्येच जाणवणारा गारठा, आपोआप सुटलेला नळ, सगळं तिच्याच नावावर जमा होतं. ती कोण, याचंही उत्तर तयार आहे: संस्थापक विलर्ड कारपेंटर यांची मुलगी लुईझ. वडिलांची मालमत्ता ग्रंथालयाला गेली म्हणून ती कोर्टात गेली आणि हरली. खटला खरा आहे. त्याने भुताला नाव-गाव मिळतं, पुरावा मिळत नाही.

अशा ठिकाणी भूतशोधक रात्री यंत्रं घेऊन उतरतात. विद्युतचुंबकीय क्षेत्राचा मीटर जुन्या वायरिंगजवळ उसळतो, खिशातल्या मोबाइलमुळेही उसळतो. इन्फ्रारेड तापमापक हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. खोलीच्या मधोमध गार पट्टा सापडला म्हणणारा बहुधा पलीकडची खिडकी मोजत असतो. पण यंत्रांना दोष देऊन भागणार नाही. भूत नसतं तर याच खोलीत कोणते आकडे आले असते, हे कुणी आधी पाहिलेलंच नसतं. मग काटा हलला की बाई आली, नाही हलला तर आज रुसली! १९९९ साली ग्रंथालयात कॅमेरे लागले आणि जगभरचे लोक इंटरनेटवरून पहारा देऊ लागले. त्याने पुरावा वाढला असं वाटतं. वाढली ती चकण्याची संधी. अंधुक चित्रात खुर्चीची पाठ आणि सावली मिळून चेहरा दिसणं ही मेंदूची जुनीच खोड, आणि रिकामं चित्र कुणी जपून ठेवत नाही.

मग इतके साक्षीदार खोटं बोलतात का? तसं मानायची गरज नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना जुन्या नाट्यगृहातून फिरवलं. ज्यांना जागा झपाटलेली असल्याचं सांगितलं होतं, त्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त विचित्र अनुभव आले. मात्र संशयवाद्यांनीही हुरळून जाऊ नये. १९९८ साली व्हिक टँडी यांनी सेकंदाला सुमारे १९ कंपनांच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीशी भुतांचा संबंध जोडला, तेव्हापासून ते उत्तर सर्रास फेकलं जातं. पण २००९ साली लंडनच्या संशोधकांनी मुद्दाम बांधलेल्या खोलीत असा ध्वनी आणि चुंबकीय क्षेत्रं सोडून पाहिली. अनुभव भरपूर आले, पण त्यांचा ध्वनीशी वा क्षेत्राशी मेळ बसला नाही. विलर्डच्या भट्टीतून भास घडवू शकणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गळत असेल, असं म्हणायचा मोहही होतो. १९३७ची ती हवा आता मोजता येत नाही, तेव्हा तो तर्क बाईइतकाच निराधार.

उद्याची हवा मात्र मोजता येते. तेच कॅमेरे, तेच तापमापक त्याच शहरातल्या, कसलीही दंतकथा नसलेल्या दुसऱ्या जुन्या इमारतीतही तितक्याच रात्री लावावेत. दोन्हीकडची चित्रं एकत्र करून परीक्षकांना द्यावीत आणि कुठलं चित्र कुठलं, हे त्यांचा निकाल लिहून होईपर्यंत सांगू नये.